बदलीचा पहारा

पोलीस लाइनीतल्या दवाखान्यात दाई म्हणून माझी नेमणूक झाली ती तीन महिन्यांसाठी. कागदावर 'हंगामी' असं लिहिलेलं. हंगामी म्हणजे काय, असं मी साहेबांच्या कचेरीतल्या हेडक्लार्कला विचारलं, तर तो म्हणतो, "गुऱ्हाळाला माणसं ठेवत्यात न्हवं, तसं." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग लाइनीतल्या बायकांना सांगा, गुऱ्हाळ चालू असेल तेव्हाच बाळंत व्हा म्हणून." तो हसला, शिक्का मारला आणि कागद माझ्याकडं सरकवला. तीन महिने संपले की पुन्हा कचेरी, पुन्हा तोच क्लार्क, पुन्हा तोच शिक्का. असे कागद गोळा करत मी चार वर्षं काढली आणि मग एका सोमवारी कायम झाले. कशी कायम झाले ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता माझ्याच्यानं ते पोटात ठेववत नाही, म्हणून लिहिते.

दवाखाना म्हणजे संस्थानच्या काळातला घोड्यांचा तबेला. मधे भिंती घातल्या, चुना मारला, झाला दवाखाना. पाऊस लागला की भिंतीतनं घोड्यांचा वास यायचा. संस्थान होतं तेव्हा इथं डॉक्टर, कंपाउंडर, दाई आणि झाडायला-पाणी भरायला एक गडी, अशी चार माणसं होती म्हणे. संस्थान विलीन झालं आणि सगळ्या जागांचे कागद मंजुरीसाठी मुंबईला गेले. गेले ते गेलेच. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, इथं तर थांबणारी माणसंच संपली. म्हातारा कंपाउंडर पेन्शनीत निघाला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. गडी कचेरीत चिकटला, त्याच्याही जागी कुणी आलं नाही. डॉक्टर मोठ्या दवाखान्यातनं मंगळवार आणि शुक्रवार सायकलवरून यायचे, दोन तास बसायचे आणि घाम पुसत परत जायचे. राहिलेले पाच दिवस सगळी लाइन माझ्या गळ्यात. औषधं मी ढवळायची, गळवं मी फोडायची, बाळंतपणं मी करायची आणि शेवटी झाडूही मीच मारायचा. नवरा-बायकोची भांडणं झाली तरी बायका माझ्याकडंच यायच्या. डोकं फुटलेलं असायचं, मग कुठं जाणार?

कंपाउंडरची जागा भरा म्हणून मी किती अर्ज केले असतील, देव जाणे. दर वेळी उत्तर एकच, मंजुरी नाही. एकदा वैतागून मी डॉक्टरांना म्हटलं, "पोलिसांचे घोडे होते तेव्हा घोड्यांनासुद्धा खरारा करायला मोतद्दार होता. माणसांना एक कंपाउंडर मिळत नाही?" ते शांत माणूस. म्हणाले, "बाई, घोडा मेला तर चौकशी होते."

मी विधवा. थोरल्या भावाच्या घरी मंगळवार पेठेत राहत होते. भाऊ वाईट नव्हता, पण वहिनीच्या घरात मी चार वर्षं पाहुणीच राहिले. माझी ट्रंक स्वयंपाकघराच्या दारामागं, माझं अंथरूण माजघरात पोरांच्या पायथ्याशी. वहिनी भांडली कधी नाही, पण पावण्यारावळ्यांपुढं म्हणायची, "आमच्या वन्सं आहेत ना, त्यांचं काय, दिवसभर बाहेरच असतात." ते ऐकलं की मी उठून भांडी घासायला लागायचे. शिपायाला भरती झाल्यापासून खोली, दवाखान्याच्या माणसाला मात्र कायम झालं कीच लाइनीत एक खोली मिळायची. दहा बाय बाराची, पुढं पडवी, मागं मोरी. मी दुसऱ्यांची बाळंतपणं करायला त्या खोल्यांत जायचे आणि मनातल्या मनात माझी ट्रंक कुठं ठेवायची ते ठरवायचे. हसायला येईल, पण मी जातं कुठं रोवायचं तेसुद्धा ठरवलं होतं.

आता ज्या दोघांमुळं हे घडलं त्यांच्याविषयी. लाइनीत नावानं कोण हाक मारतंय? गावावरनं नाहीतर बक्कल नंबरावरनं. तर एक आजऱ्याचा आणि दुसरा बिद्रीचा. तिसऱ्या रांगेत शेजारी शेजारी खोल्या. आजऱ्याचा उंच, किडकिडीत, जुना शिपाई, घरी बायको आणि तीन पोरं. बिद्रीचा पैलवानी अंगाचा, बिनलग्नाचा, सोबत म्हातारी आई. हा आजऱ्याच्या पोरांना दोन्ही खांद्यांवर घेऊन लाइनीतनं फिरायचा. त्यांची आई ओरडायची, "भावजी, पडतील की वो!" हा म्हणायचा, "माझ्या खांद्यावरनं अजून कोण पडलं न्हाई."

ह्या माणसांची एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पोलिसाला रजा म्हणजे दुष्काळात पाऊस. घरी पोरगं फणफणलंय, गावाकडं कोण वारलंय, आणि ह्याचा खजिन्यावर पहारा. मग शेजारचा त्याच्या जागी उभा राहायचा. 'पहारा उभा राहणं' म्हणायचे त्याला. हवालदारालाही ठाऊक असायचं. तो माणसं मोजायचा, तोंडं बघायचा नाही. ज्याच्यासाठी पहारा उभा राहिला त्यानं तो कधीतरी फेडायचा. हातउसने घेतलेले पैसे लोक विसरत, पण उभा राहिलेला पहारा कुणी विसरत नसे. बिद्रीच्याचा थोरला भाऊ साप चावून गेला तेव्हा आजऱ्याचा सलग तीन पहारे त्याच्या जागी उभा राहिला होता. पाय सुजून माझ्याकडं आला. मीच पट्ट्या सोडून त्याचे पाय मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले होते.

माझ्या चौथ्या साली दिवाळीच्या आधी पहिल्या रांगेतला एक शिपाई क्षयानं गेला. मरेपर्यंत ड्यूटी करत होता बिचारा. का? कारण क्षय निघाला की माणूस नोकरीला नालायक ठरायचा, खोली महिन्यात खाली करावी लागायची. म्हणून खोकला दाबून लोक परेडला उभे राहायचे. वर कुठंतरी हे कळलं आणि हुकूम सुटला, की महिन्याहून जास्त ज्याला खोकला आहे त्यानं थुंकी तपासणीला द्यायची. डॉक्टर मला म्हणाले, "बाई, प्रत्येकानं तुमच्या डोळ्यांदेखत बाटलीत थुंकायचं. यांचं पहाऱ्याचं मला ठाऊक आहे." मी म्हटलं, "मदतीला एक माणूस द्या." ते म्हणाले, "कुठनं देऊ?" आडातच नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार!

यादीत आजऱ्याचा होताच. त्याचा खोकला मला वर्षभरापासून माहीत होता. बायको सातव्या महिन्यात होती, चौथं बाळंतपण. यादी लागली त्या दिवशी ती दवाखान्यात आली, खाली जमिनीवर बसली आणि तिनं माझ्या पायाला हात लावला.

"बाई, त्यांची बाटली तेवढी तुमच्या हातनं फुटली म्हणा की."

"फुटली तर दुसरी घेतील."

"ती बी फोडा."

"अगं वेडी का काय तू? घरात तीन पोरं आहेत. त्यांच्या छातीत शिरलं म्हणजे?"

"पोरांच्या छातीत शिरंल तवा शिरंल. खोली गेली तर ह्या पोटासकट मी कुठं जाऊ? तुमीच सांगा, कुठं जाऊ?"

मी तिला चांगली झाडली. म्हटलं, असलं काही मला सांगायचं नाही, पुन्हा दवाखान्यात पाऊल टाकायचं नाही. ती गेली. आणि मग मला माझी दारामागची ट्रंक आठवली आणि दिवसभर हाताला काम लागेना.

बाटल्यांच्या दिवशी सकाळी सात वाजता मी पडवीत टेबल मांडलं. बाटल्यांवर बक्कल नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पंधरा-वीस जण ओळीनं उभे. पहिल्या दोघांनी माझ्यासमोर दिलं, तेवढ्यात पाचव्या रांगेतली एक सासू पदर सावरत, बोंबलत आली. सुनेचं पाणी गेलं होतं आणि मुलाचा हात आधी बाहेर आला होता. असल्या वेळी विचार करायला सवड नसते. मी लाइनीच्या हवालदाराला म्हटलं, "इथं उभे राहा, एकेकाकडनं घ्या," आणि पळाले. दीड तासानं मी परत आले. पोर वाचलं होतं, माझा पदर रक्तानं भरला होता. हवालदार नव्हता. त्याला परेडचं बोलावणं आलं म्हणून तो गेलता. टेबलावर बाटल्या बुचं लावून अशा शिस्तीत उभ्या होत्या की नवीन भरतीला दाखवाव्यात.

पडवीत दोघंच उरले होते, आजऱ्याचा आणि बिद्रीचा. बिद्रीच्याचं यादीत नावच नव्हतं. तो बाहीनं तोंड पुसत होता.

मी आजऱ्याच्या नंबराची बाटली उचलून उजेडाला धरली. त्याचा बेडका मी पाहिला होता, बायको फडकी धुवायची तेव्हा. पिवळा, दाट, आत लाल दोरे. बाटलीत पांढरं फेसाळ पाणी होतं, बिडी ओढणाऱ्याचं सकाळी निघतं तसं.

"हे कुणाचं?"

आजऱ्याचा खाली बघायला लागला. बिद्रीचा दात काढून म्हणाला, "त्येचंच की, बाई. म्हंजे, त्येच्या जाग्यावर मी जरा उभा राह्यलो. पहारा कुनी का दिना, झाला म्हंजे झालं."

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण दोघांनाही साहेबांपुढं उभं करते, एवढं नक्की म्हणाले. बिद्रीचा मागं सरला. आजऱ्याचा हळूच म्हणाला, "बाई, तिचं बाळंतपन हुईस्तवर थांबा. दोन म्हयनं. मग मी सोता बाटली घिऊन येतो. आईशप्पत." बोलता बोलता त्याला ढास लागली आणि तो खांब धरून वाकला. बिद्रीचा त्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिला.

मला थांबवायला कुणी नव्हतं आणि मला धरायलाही कुणी नव्हतं. दुसरं एक माणूस, नुसतं एक, त्या टेबलाशी उभं असतं तर हे घडलं नसतं. पण ही सबब झाली. खरं ते असं, की मी दमले होते, मला तिची कीव आली होती आणि मी ती बाटली बाकीच्यांबरोबर पेटीत ठेवून पेटी बंद केली. दोन महिन्यांचा तर प्रश्न, म्हटलं.

पुढच्या पंधरवड्यात एका शुक्रवारी डॉक्टर रिपोर्ट घेऊन आले. सायकल लावतानाच म्हणाले, "बाई, सापडला. तिसऱ्या रांगेतला, तुमचा तो आजऱ्याचा. जंतू निघाले."

मी म्हटलं, "आजऱ्याचा? कसं शक्य आहे?"

"का? त्याची छाती ऐकूनच मला वाटत होतं. बाकी सगळे मोकळे. शाबास, बरोबर काम केलंत."

मी टेबल पुसत होते ते पुसतच राहिले. आधी वाटलं, तपासणाऱ्यांनी घोळ घातला. मग ध्यानात आलं. ती थुंकी आजऱ्याची नव्हती. म्हणजे जंतू निघाले ते बिद्रीच्याच्या छातीतले. आजऱ्याच्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरणारा, शेजारधर्म पाळणारा, त्याच्या ताटात जेवणारा तो गडी स्वतःच पोखरला होता आणि ते जगात फक्त मला कळलं होतं.

आजऱ्याच्याचं, विचित्र म्हणा, भलं झालं. त्याची नोकरी जुनी होती, रजा साठलेली होती. डॉक्टर त्याच्यासाठी कचेरीत जाऊन भांडले. नालायक ठरवू नका, अर्ध्या पगारी रजा द्या, नवीन इंजेक्शनं आली आहेत, बरा होईल. पोलिसांसाठी मिरजेकडच्या क्षयाच्या दवाखान्यात एक खाट मिळत होती, तीही त्याला मिळाली. खोलीही राहिली. जिच्यासाठी एवढं नाटक केलं ती खोली शेवटी नाटकानंच वाचवली. त्याच शुक्रवारी डॉक्टरांनी माझ्यासाठी शिफारस लिहिली. 'तपासणीचं काम यांनी एकटीनं, चोख केलं, यांना कायम करावं.' कागद त्यांनी मला वाचून दाखवला. मी आभार मानले. तोंडातनं शब्द निघाले, याचीच मला नंतर लाज वाटली.

बिद्रीच्याला मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं. तो हसलाच.

"मला? बाई, मी रोज तालमीत जातो. ह्यो बगा दंड."

"जंतू दंड बघून शिरत नाहीत. मंगळवारी डॉक्टर येतील तेव्हा तुझ्या नावानं बाटली दे."

मग त्याचं हसू गेलं. म्हणाला, "म्हातारीला कुटं ठिऊ? माजी भरती विलीनीकरनाच्या धांदलीतली, माजा कागद तुमच्यावानीच हंगामी. मला कोन अर्ध्या पगारी रजा देतंय? आनि एकच खाट हाय म्हनं. त्येच्यावर आजऱ्याचा हाय. तेवढं त्येला बरा हुंदे. मग बगू."

"बघू काय? मरशील!"

"लगीच कुटं मरतोय? पुढच्या मंगळवारी देतो. आईची आन."

पुढचा मंगळवार आला नि गेला. मग शुक्रवार. तो दिसला की मी डोळे वटारायचे, तो लांबूनच हात करायचा, देतो देतो म्हणून. मी त्याला शिव्या घातल्या, त्याच्या आईला दूध वाढवायला सांगितलं, पेला वेगळा ठेवायला लावला, बिड्या फेकून दिल्या. सगळं केलं. एकच गोष्ट केली नाही. डॉक्टर समोर बसलेले असताना 'बिद्रीच्याला तपासा' एवढं वाक्य बोलले नाही. कारण ते म्हणणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर दिलं की बाटली निघणार, बाटलीमागनं मी निघणार, आणि शिफारशीचा कागद तेव्हा कचेरीत होता. घोडं कुठं पेंड खात होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. मी स्वतःला सांगायचे, तो स्वतः देईल, मोठा माणूस आहे, त्याचा जीव त्याला कळत नाही का? अळीमिळी गुपचिळी.

पौषात आजऱ्याची बायको बाळंत झाली. मुलगी. थंडी मरणाची, मी शेगडी लावून तिला शेकवत होते. ती भिंतीकडं बोट करून म्हणाली, "बाई, पैलवान भावजी बी आता लई खोकत्यात वो. हिकडं ऐकू येतंय. आमच्या ह्यांचा आसाच सुरू झालता." मी म्हटलं, "बिडीचा असेल." असं म्हणाले मी. हातात तिची दोन दिवसांची पोर होती आणि मी म्हणाले, बिडीचा असेल.

माघ संपता संपता, सोमवारी, हेडक्लार्कनं मला बोलावलं. "बाई, पेढं आना. गुऱ्हाळ बारमाही झालं तुमचं." कायमचा हुकूम होता. मी तो घरी नेऊन देवापुढं ठेवला. वहिनीनं पहिल्यांदा मला आग्रह करून जेवू घातलं. मी जेवले. आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, डॉक्टर सायकलवरून उतरायच्या आत मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

बघा, सोमवारी हुकूम आणि मंगळवारी सत्य. एक दिवस आधी नाही.

डॉक्टरांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला कळून किती दिवस झाले?"

"अडीच महिने."

"मी या काळात किती वेळा आलो इथं?"

मी मोजलं होतं. एकवीस वेळा.

ते म्हणाले, "तुमच्या जागी ठेवायला दुसरं एकही माणूस माझ्याजवळ असतं ना बाई, तर मी तुम्हाला आत्ता घरी पाठवलं असतं." मग खुर्ची ओढून बसले. "नाही. म्हणून आतली औषधं आणा. आणि त्याला बोलावून घ्या." बस, एवढंच. मला वाटलं होतं ओरडतील, साहेबांकडं नेतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मला काढायचं म्हटलं तर दवाखान्याला कुलूप लावावं लागलं असतं, म्हणून मी राहिले.

बिद्रीच्याला परेडवरनं आणलं. डॉक्टरांनी नळी लावली, पुढनं ऐकलं, मागनं ऐकलं आणि नळी गळ्यात टाकली. छातीच्या दोन्ही बाजू धरल्या होत्या. बाटली दिली, रिपोर्ट यायचा तोच आला. त्याचा कागद हंगामी, त्यामुळं नालायक ठरवायला कुणाला कष्ट पडले नाहीत. डॉक्टर याही वेळी भांडले. नोकरी वाचली नाही, पण मिरजेला धर्मादाय खाट तेवढी मिळवली. म्हातारी भाचीकडं गावी गेली. तिसऱ्या रांगेतली खोली रिकामी झाली आणि हेडक्लार्कनं मला निरोप धाडला, "बाई, नशीब काढलंसा. एक खोली मोकळी झालीया. घेता का? न्हाईतर मागं वीस जण हायत."

कुठली खोली ते त्यानं सांगायची गरज नव्हती. तुम्हाला वाटेल मी नको म्हणाले. तसं काही म्हणाले नाही. कागदावर सही केली.

चैत्रात मी मिरजेला गेले. ट्रंक हलवायच्या आधी एकदा त्याला भेटायचं म्हणून. राजगिऱ्याचे लाडू नेले होते. लांबलचक पडवी, ओळीनं खाटा. आजऱ्याचा त्याच दवाखान्यात होता, अंग धरलं होतं त्यानं, गालावर तांबूस आलं होतं. तोच मला बिद्रीच्याच्या खाटेपर्यंत घेऊन गेला. खाटेशी स्टूल होतं. "दिसभर हितंच बसतो," आजऱ्याचा म्हणाला. "डॉक्टर रागावत्यात. पर त्येचा पहारा माज्यावर हाय न्हवं?" आणि तो पाणी आणायच्या निमित्तानं बाजूला गेला.

खाटेवरच्या माणसाला मी आधी ओळखलंच नाही. ते दंड, ते खांदे, सगळं कुठं गेलं होतं? पण हसू तेच.

"या, बाई. कंपाउंडर दिला का न्हाई अजून तुमास्नी?"

"कसला देतात."

"मग बाटल्या कोन बगतंय?"

"मीच."

तो हसला. हसताना दम लागला. थोडं थांबून म्हणाला, "आमची खोली तुमास्नी मिळाली म्हनं. आजऱ्याच्या बायकूनं कळवलंय. लई बेस झालं बगा. परक्याला गेली न्हाई. आईचं जातं तितंच हाय, भाचीकडं जागा न्हाई. ऱ्हाऊ द्या, दळा त्येच्यावर."

मी पदर तोंडाला लावला. तो माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं मला त्याच्या अवस्थेचं रडू येतंय. मलाच धीर द्यायला लागला.

"रडू नगासा. तुमचं काय चुकलं? मीच पुढचा मंगळवार, पुढचा मंगळवार करत बसलो. दुसरं कोन आसतं तर डॉक्टरला सांगून मोकळं झालं आसतं, माजी खोली तवाच गेली आसती. तुमची नोकरी जायाची पाळी, तरी तुमी माज्यासाठी गप ऱ्हायलासा. सख्खी भन ऱ्हात न्हाई एवढी. म्हातारीला बी सांगितलंय मी, बाई माझ्या जाग्यावर उभ्या ऱ्हायल्या म्हून."

तेव्हा सांगायचं होतं. तेव्हा तरी. 'अरे, तुझ्यासाठी नव्हे रे, खोलीसाठी गप्प राहिले.' जिभेच्या टोकावर आलं होतं. त्याला पुन्हा ढास लागली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे. बोलू नकोस. बोललं की खोकला येतो."

तो बापडा गप्प झाला. पावसाळ्याआधीच गेला. आजऱ्याचा बरा होऊन परत आला, हत्यारांच्या कोठडीवर हलकी ड्यूटी मिळाली त्याला, आणि पुढची पाच वर्षं तो आणि मी एका भिंतीला राहिलो. कंपाउंडरची जागा मी लाइन सोडेपर्यंत भरली नव्हती. जातं माझ्याकडं अजून आहे. बिद्रीच्याच्या आईनं दोनदा निरोप पाठवला होता, भेटायला या, लेकाच्या जागी उभ्या राहिलात, तुमचं तोंड बघू द्या. मी गेले नाही.